मुलं रस्त्यावर येतात ती घरातल्या संध्याकाळींमुळे

प्रश्न असा आहे की आईवडील जिवंत असताना मुलं रस्त्यावर राहायला का येतात, आणि त्याचं कारण शेवटी गरिबीच ना? गरिबी असतेच. पण तेवढीच असती तर एका घरातली सगळी भावंडं बाहेर पडली असती. पडतं एखादंच.

बाप पिऊन मारत असेल तर पोरगं आधी वेळ साधायला शिकतं. तो झोपल्यावर घरात शिरायचं. आज नऊला, उद्या अकराला, मग एखाद्या रात्री बाहेरच डोळा लागतो आणि सकाळी कुणी विचारतही नाही. तशीच दोन-चार पोरं भेटतात, झोपायची जागा ठरते. एका रात्रीच्या दोन होतात, मग आठवडा. घर असं हळूहळू सुटत असतं. आईला 'पळाला' हे कळतं ते अगदी शेवटी.

कमावत्या पोराचं आणखी वेगळं. भंगार वेचून, गाड्या पुसून आणलेले पैसे घरी द्यायचे, कमी पडले तर मार. मग ज्या दिवशी कमाई बुडते त्या दिवशी ते घरी जात नाही. दुसऱ्या दिवशी दोन दिवसांचा हिशेब द्यावा लागणार, म्हणून तेव्हाही नाही.

आईने किंवा बापाने दुसरं लग्न केलं की आधीच्या लग्नाचं मूल अवघडतं. आजी सांभाळत असेल तर निभतं. आजी गेली की त्याच्या बाजूने बोलणारं कुणी उरत नाही. आफ्रिकेतल्या काँगोची राजधानी किन्शासामध्ये अनाथ आणि सावत्र मुलांवर चेटकाचा आळ घेऊन त्यांना घराबाहेर काढल्याच्या कितीतरी नोंदी आहेत. मुली रस्त्यावर कमी दिसतात, कारण त्यांना घरकामाला अडकवलं जातं. घर सोडून आलेल्या मुलीच्या बाबतीत घरातल्याच माणसाने केलेल्या अत्याचाराची शक्यता आधी धरा.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. 'इतकी मुलं घरी पोचवली' असे आकडे मिरवणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे. आईचा अंगठा घेतला, फोटो काढला, केस बंद. घरी तोच बाप, तीच संध्याकाळ. मूल पुन्हा निघतं, या खेपेला लांब जातं आणि नाव-गाव खोटं सांगतं, कारण खरं सांगितलं की परत नेतात हे त्याला कळलेलं असतं.

'घरी जायचंय का?' हा प्रश्न निरुपयोगी आहे. मूल समोरच्याला हवं ते उत्तर देतं. नातेवाईक समोर नसताना विचारा: शेवटचा मार कशावरून बसला, तेव्हा घरात कोण होतं, तू झोपायचास कुठे? मुलाला नेण्याआधी घर स्वतः पाहून या, तेही संध्याकाळी. दुपारी आई एकटी असते आणि सगळं ठीक आहे म्हणते. शेजारी, शिक्षक, मामा, मावशी, सगळ्यांना भेटा. मामाकडे राहणं हेही घरच आहे. सोडल्यावर पहिल्याच आठवड्यात न सांगता जा, पुढे निदान सहा महिने जात राहा. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क करारातलं कलम १२ मुलाचं म्हणणं विचारात घ्यायला सांगतं. कुटुंबात राहणं मुलाच्या हिताचं नसेल तर त्याला विशेष संरक्षण आणि पर्यायी सांभाळ द्यावा, असं कलम २० सांगतं. घरी पोचवणं हा एकच मार्ग त्यात कुठेही लिहिलेला नाही.

वाट चुकलेल्या किंवा एका भांडणावरून रुसून निघालेल्या मुलाला हे लागू नाही. त्याला शक्य तितक्या लवकर घरी न्या, कारण बाहेरच्या प्रत्येक रात्रीगणिक ते तिथल्या पोरांत मिसळत जातं. आणि रस्त्यावर दिसणारं प्रत्येक मूल घर सोडलेलं नसतं. काही आईबापांसोबतच फुटपाथवर राहतात, काही दिवसभर राबून रात्री घरी जातात. म्हणून कुणालाही उचलून संस्थेत टाकण्याआधी ते रात्री कुठे आणि कुणाजवळ झोपतं ते पाहा.