वाचकांचे प्रश्न : ग्राफिक्स कार्ड कोणाचे आणि कोणाकडून घ्यावे?

प्रश्न : माझी मुलगी नागपुरातच वास्तुकलेच्या तिसऱ्या वर्षाला आहे. घरच्या संगणकात इंटेल कोअर आय-५ ९४००एफ प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि जीटीएक्स १०५० टीआय हे जुने ग्राफिक्स कार्ड आहे. ब्लेंडर या त्रिमितीय मॉडेलच्या सॉफ्टवेअरमध्ये रेंडर (मॉडेलवरून चित्र तयार करणे) लावला की रात्र जाते. सीताबर्डीच्या बाजारातल्या (बर्डीतल्या) एका दुकानदाराने आरटीएक्स ५०६० हे ८ जीबीचे कार्ड ३४,५०० रुपयांना सांगितले. तेच कार्ड, पण दुसऱ्या कंपनीचे, ऑनलाइन ३१,९०० रुपयांना दिसते. दुकानदार म्हणतो, 'हीच कंपनी घ्या, बाकीच्यांच्या नादी लागू नका.' मुलीचे मित्र तिसरेच नाव सांगतात. कंपनी कोणती निवडावी, आणि खरेदी दुकानातून करावी की ऑनलाइन? एसएमपीएसवर (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यावर) ४५० वॅट लिहिले आहे. स्टिकरचा फोटो जोडला आहे.
— एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : आपण फोटो जोडलात हे फार बरे केले, कारण सुरुवात तिथूनच करावी लागेल. त्या स्टिकरवर ठळक अक्षरांत ४५० वॅट असले तरी खालच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात १८ अँपिअर छापले आहेत. १२ गुणिले १८ म्हणजे २१६ वॅट. ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर यांना जी वीज लागते ती जवळजवळ सगळी याच रकान्यातून येते. आपले १०५० टीआय मदरबोर्डच्या स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॅटवर भागवते, म्हणून इतकी वर्षे काही बिघडले नाही. नवे आरटीएक्स ५०६० एकटेच १४५ वॅटपर्यंत घेते, आपला प्रोसेसर ६५ वॅटचा आहे, शिवाय बोर्ड, डिस्क आणि पंखे आहेत. कॅबिनेटसोबत मिळालेल्या या एसएमपीएसवर नवे कार्ड चालवणे म्हणजे जुनाट वायरिंगवर एसी लावण्यासारखे आहे. आरटीएक्स ५०६० साठी खुद्द एनव्हिडियाची शिफारस ५५० वॅटची आहे. तेव्हा कार्ड कोणतेही घ्या, त्याच बिलात नामांकित कंपनीचा, '८० प्लस ब्राँझ' हे वीज वाया न घालवण्याचे प्रमाणपत्र असलेला ५५० ते ६५० वॅटचा एसएमपीएस घालून घ्या. ही रक्कम आधी बाजूला काढावी आणि उरलेल्या पैशांत कार्ड बसवावे, असे मी आग्रहाने सांगेन.

आता कंपनीविषयी. खोक्यावर मोठ्या अक्षरांत जे नाव असते, ती कंपनी चिप तयार करत नाही. चिपची रचना एनव्हिडिया, एएमडी किंवा इंटेल यांची असते. असुस, गिगाबाइट, एमएसआय, झोटॅक, इनो३डी, सफायर, पॉवरकलर या कंपन्या ती चिप घेऊन भोवतीचा सर्किट बोर्ड, मेमरी, उष्णता ओढून घेणारा धातूचा हीटसिंक आणि पंखे अशी जुळणी करतात. काही कंपन्या फक्त एनव्हिडियाची कार्डे करतात, सफायर आणि पॉवरकलर फक्त एएमडीची, तर असुस आणि गिगाबाइट दोघांचीही. झोटॅक आणि इनो३डी ही दोन नावे तर एकाच उद्योगसमूहाची आहेत. त्यामुळे एकाच चिपच्या दोन कंपन्यांच्या कार्डांत वेगाचा फरक बहुधा दोन-तीन टक्क्यांच्या वर जात नाही, आणि 'ओसी' (ओव्हरक्लॉक, म्हणजे कारखान्यातच वेग थोडा वाढवलेले) ही अक्षरे छापून जास्त पैसे मागितले जातात तेव्हाही मिळकत तेवढीच असते. फरक पडतो तो पंख्यांच्या आवाजात, कार्ड किती तापते यात, आणि बिघडल्यावर दाद कोण देतो यात.

म्हणून कंपनी ठरवण्याआधी आपण चिप आणि मेमरी ठरवावी, आणि इथे मी दुकानदाराच्या सल्ल्याशी सहमत नाही. वास्तुकलेच्या कामात इमारतीचे मॉडेल, झाडे, फर्निचर, काचा आणि मोठमोठी टेक्श्चर्स (पृष्ठभागांवर चढवायची चित्रे) असे सगळे दृश्य कार्डाच्या मेमरीत मावावे लागते. ते ८ जीबीत मावले नाही की रेंडर अर्ध्यावर थांबतो, नाहीतर कार्ड संगणकाच्या रॅममधून माहिती ओढू लागते आणि वेग कोसळतो. आपल्या बाबतीत याला आणखी एक कंगोरा आहे. ९४००एफ आणि त्याचा मदरबोर्ड पीसीआय एक्सप्रेसच्या, म्हणजे कार्डाला संगणकाशी जोडणाऱ्या मार्गाच्या, तिसऱ्या पिढीचे आहेत. ५०६० हे कार्ड १६ ऐवजी ८ च लेन (त्या मार्गातील मार्गिका) वापरते, त्यामुळे आपल्या बोर्डावर त्याला जाण्यायेण्याचा रस्ता अरुंद मिळेल. सगळे काम कार्डाच्या मेमरीत मावत असेल तोवर हे जाणवणार नाही, पण मेमरी भरली की नेमके तिथेच अडेल.

यासाठी मी आपल्याला आरटीएक्स ३०६० चे १२ जीबीचे कार्ड सुचवतो. ते २०२१ चे आहे आणि निव्वळ वेगात ५०६० त्याच्या स्पष्टपणे पुढे आहे, हे मान्य. परंतु ते पूर्ण १६ लेन वापरते, मोठे दृश्य पोटात घेते, आणि ब्लेंडरमध्ये रेंडर करणाऱ्या सायकल्स इंजिनाला वेग देणारी एनव्हिडियाची ऑप्टिक्स सुविधा त्यात आहे. सहसा ते ५०६० पेक्षा स्वस्त पडते, म्हणजे त्या फरकात नवा एसएमपीएसही बसू शकेल. एक सावधगिरी मात्र बाळगा : याच नावाने ८ जीबीचेही एक कार्ड आहे, ज्यात मेमरीचा मार्ग १९२ बिटांऐवजी १२८ बिटांचा आहे. खोक्यावरचा '१२ जीबी' हा आकडा स्वतः वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. पुढच्या वर्ष-दोन वर्षांत सगळा संगणकच बदलायचा विचार असेल, तर आजच अंदाजपत्रक वाढवून आरटीएक्स ५०६० टीआयचे १६ जीबीचे कार्ड घेणे अधिक शहाणपणाचे ठरेल, कारण ते नव्या बोर्डावरही जाईल. त्याला एसएमपीएस किमान ६०० वॅटचा लागेल. इंटेलचे आर्क बी५८० हे १२ जीबीचे कार्ड किमतीला आकर्षक वाटेल, पण त्याला रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी) ही सुविधा हवी असते आणि इंटेलच्या शिफारशीत दहाव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर बसत नाहीत. आपला प्रोसेसर नवव्या पिढीचा आहे.

खरेदी कोठून करावी हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि त्याला कारण माझा स्वतःचा अनुभव आहे. काही वर्षांपूर्वी मी बर्डीतूनच एक कार्ड घेतले. बिलावर 'ग्राफिक्स कार्ड, १ नग' एवढेच लिहिलेले होते आणि मी ते तसेच घडी करून खिशात घातले. चौदाव्या महिन्यात पडद्यावर रंगीत चौकोन दिसू लागले. दुकान तोवर दुसऱ्याकडे गेले होते, आणि सेवा केंद्राने विचारले की हे बिल याच कार्डाचे आहे कशावरून? सीरियल क्रमांक बिलावर नव्हता. बिल ग्राह्य धरले नाही तर काही कंपन्या सीरियल क्रमांकावरून उत्पादनाच्या तारखेपासून वॉरंटी मोजतात. माझेही तसेच झाले आणि हातचे कित्येक महिने गेले. कार्ड अखेर बदलून मिळाले, पण ते दीड-दोन महिने माझे काम शेजाऱ्याच्या लॅपटॉपवर चालले.

तेव्हा दुकानदाराला दराआधी तीन गोष्टी विचारा. जीएसटीचे पक्के बिल मिळेल का, आणि त्यावर मॉडेलचे पूर्ण नाव व सीरियल क्रमांक लिहून देणार का? या कंपनीचे कार्ड बिघडले तर ते नागपुरात कोठे जमा होते, की मुंबईला पाठवावे लागते, आणि पाठवण्याचा खर्च कोणाचा? आणि वॉरंटीची तीन वर्षे बिलाच्या तारखेपासून धरतात ना? या प्रश्नांची उत्तरे जो दुकानदार फोन लावून, माहिती काढून देतो, त्याच्याकडून घ्या. 'बिलाशिवाय घेतले तर दोन हजार कमी करतो' असे कोणी म्हणाल्यास तिथून सरळ निघावे. त्या दोन हजारांत आपण तीन वर्षांची वॉरंटी विकत असतो. कंपनीची निवडही याच कसोटीवर करा. ज्या दोन-तीन कंपन्यांचे सेवा केंद्र किंवा कार्ड जमा करून घेणारी व्यवस्था नागपुरात आहे, त्यांतलीच एक निवडा. नावाचा दबदबा किती कामाचा असतो पाहा : एनव्हिडियाच्या कार्डांसाठी अमेरिकेत अत्यंत नावाजलेली ईव्हीजीए ही कंपनी सप्टेंबर २०२२ मध्ये ग्राफिक्स कार्डांच्या धंद्यातून बाहेर पडली.

राहिला २,६०० रुपयांचा फरक. माझ्या मते तेच मॉडेल असेल आणि दुकानदार वरची तिन्ही आश्वासने बिलावर किंवा निदान संदेशात लिहून देत असेल, तर हजार-बाराशे रुपये जास्त देणे वावगे नाही. त्यापलीकडे घासाघीस करावी. ऑनलाइनचा दर मोबाइलवर दाखवला की बर्डीत दर उतरतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. क्रेडिट किंवा डेबिट कार्डाने पैसे दिल्यास दोन टक्के जास्त लागतील असे सांगितले जाते, तेही आधीच विचारून ठेवा. ऑनलाइन घ्यायचे ठरले, तर संकेतस्थळाच्या नावावर न जाता 'विक्रेता' या ओळीत कोणाचे नाव आहे ते पाहा, आणि खोके आल्यावर सील फोडण्यापासून सीरियल क्रमांक दिसेपर्यंत एकसलग व्हिडिओ काढा. माल सदोष किंवा वर्णनाहून वेगळा निघाल्यास विक्रेत्याला तो परत घेणे नाकारता येत नाही, असे २०२० चे ई-कॉमर्स नियम सांगतात. विक्रेता दिल्लीचा किंवा कोलकात्याचा असला तरी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहता तिथेच, म्हणजे नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात, तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तिला शुल्क नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करावा. पुष्कळ तक्रारी तिथेच मिटतात.

शेवटची एक गोष्ट. जुने १०५० टीआय विकू नका. आपल्या प्रोसेसरच्या नावातील 'एफ' याचा अर्थ त्यात अंगचे ग्राफिक्स नाही. नवे कार्ड वॉरंटीसाठी गेले की पडदा काळा, आणि ते नेमके सबमिशनच्या आठवड्यात होऊ शकते. ते कार्ड स्थिर विजेपासून जपणाऱ्या अँटिस्टॅटिक प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवा.

प्रश्न : ओळखीच्या एकाकडे आरएक्स ५८० हे ८ जीबीचे वापरलेले कार्ड स्वस्तात मिळते आहे. ते मायनिंगचे (आभासी चलन कमावण्यासाठी वापरलेले) असेल का? घ्यावे का?
— एक वाचक, नंदनवन, नागपूर

उत्तर : असू शकते. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाने आपली पद्धत बदलली आणि ग्राफिक्स कार्डांवर ते चलन कमावणे त्या दिवशी बंद पडले. त्यानंतर अशी कार्डे ढिगांनी बाजारात आली. मायनिंगचे कार्ड वाईटच असते असे नाही, पण त्याचे पंखे रात्रंदिवस फिरलेले असतात. ओळखीच्या माणसाच्या घरी जाऊन ते त्याच्याच संगणकावर अर्धा तास जड खेळ किंवा चाचणी लावून पाहा, पंख्याची घरघर ऐका आणि जीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर उघडा. खऱ्या आरएक्स ५८० मध्ये २,३०४ शेडर (चिपमधील गणना करणारे छोटे घटक) दिसले पाहिजेत. २,०४८ दिसले तर ते त्याच नावाने विकले जाणारे कमी ताकदीचे रूप आहे. मूळ बिल मिळाले तर उत्तम, पण हे २०१७ चे कार्ड असल्याने वॉरंटी उरलेली असण्याची शक्यता फार कमी. मी ते फक्त विद्यार्थ्याच्या जुन्या खेळांसाठी घेईन, कामासाठी नाही.

प्रश्न : नागपूरच्या उन्हाळ्यासाठी तीन पंख्यांचेच कार्ड घ्यावे का?
— एक वाचक, मनीषनगर, नागपूर

उत्तर : १५० वॅटपर्यंतच्या कार्डाला दोन पंखे पुरतात, त्यावरच्या कार्डाला तीन पंखे असल्यास नवतप्यात निश्चित उपयोग होतो. घेण्यापूर्वी कॅबिनेटमधील जागा टेपने मोजा, कारण तीन पंख्यांची अनेक कार्डे २८ ते ३० सेंटिमीटर लांब असतात. खोलीचे तापमान जितके वाढेल, जवळपास तितकेच कार्डाचेही वाढते, हे लक्षात ठेवून मे महिन्यात एमएसआय आफ्टरबर्नरमधून विजेची मर्यादा ८० टक्क्यांवर आणावी. हे सॉफ्टवेअर कोणत्याही कंपनीच्या कार्डावर चालते. वेग थोडाच कमी होतो आणि उष्णता बरीच उतरते. कॅबिनेट कूलरच्या थेट झोतात ठेवू नका. गवताच्या टट्ट्यांतून येणारी ओलसर हवा आणि आपल्याकडची धूळ मिळून हीटसिंकच्या पात्यांत चिखलासारखा थर बसतो. गेल्या जूनमध्ये मी माझे स्वतःचे कार्ड उघडले तेव्हा तो थर दाढीच्या ब्रशने खरवडून काढावा लागला.