गेतारियाला अर्धा दिवस नको, पूर्ण दिवस द्या

उत्तर स्पेनमधल्या सान सेबास्तियान शहरातून सकाळी गेतारिया या किनाऱ्यावरच्या गावाला जाऊन दुपारपर्यंत परतता येईल का, असं तुम्ही विचारलंय. सोबत आई-बाबा, बाबांचे गुडघे दुखतात, आई शाकाहारी. परतता येईल हो, पण जेवण हुकेल. आणि या गावात जेवण हुकवणं म्हणजे गावच हुकवणं.

गावात रेल्वे नाही. बस थेट जाते, तिनेच जा. बाबांना चालवणार असेल तर आधी अलीकडच्या सारौत्स गावाला उतरा. तिथून गेतारियापर्यंत समुद्राला लागून साधारण चार किलोमीटरची सपाट पायवाट आहे. समोर सान अंतोनची टेकडी दिसत राहते. तिला तिथले लोक उंदीर म्हणतात, आकारच तसा आहे. टेकडी चढण्याचा हट्ट मात्र धरू नका.

गावात सान साल्वादोर चर्चमध्ये नक्की जा. आतली जमीनच उताराची आहे, त्यामुळे बाबांचा हात धरा. 1397 साली गिपुस्कोआ या इथल्या प्रांतातल्या गावांची सभा इथेच भरली होती. चर्चच्या पोटाखालून एक बोळ थेट बंदराकडे उतरतो. पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करणारा एल्कानो याच गावचा. मोहिमेचा प्रमुख मॅगेलन वाटेत मारला गेल्यावर 1522 मध्ये व्हिक्टोरिया जहाज एल्कानोनेच स्पेनला परत आणलं, तेव्हा त्याच्यासह जहाजावर अठरा माणसं होती. फॅशन डिझायनर बालेन्सियागाही इथलाच, 1895 चा जन्म, आई शिवणकाम करायची. त्याचं म्युझियम गावाच्या वरच्या अंगाला आहे. तुमच्या आईला कापडाची, शिवणाची आवड असेल तर तिथे निदान दीड तास ठेवा. कोटाची बाही खांद्याला कशी बसवलीय, हे काचेपलीकडून बघतानाच माणूस रमतो.

आता जेवण. दीड-दोनला टेबल आधीच बुक करा. भट्ट्या रस्त्यावरच पेटलेल्या असतात. रोदाबायो हा चपटा मासा अख्खाच्या अख्खा तारेच्या जाळीत दाबून कोळशावर भाजतात. कातडी सोलत नाहीत. कातडीखालचा चिकट थर हीच खरी चव, तो काढून ठेवू नका. गालाचा तुकडा बाबांना द्या. भाव किलोवर असतो, म्हणून मासा दाखवायला आणला की आधी किंमत विचारा, यात लाजण्यासारखं काही नाही. सोबत गावाभोवतीच्या मळ्यांतली चाकोली वाइन, किंचित फसफसणारी, आंबटसर.

आईची सोय थोडी अवघड आहे. तळलेल्या हिरव्या मिरच्या (तिखट नसतात), टोमॅटो आणि पाव मिळेल. तोर्तियात, म्हणजे बटाट्याच्या ऑम्लेटमध्ये, अंडं असतं. इथलं इदियासाबाल चीज पारंपरिक पद्धतीत कोकराच्या रेनेटवर (दूध गोठवणारा, कोकराच्या पोटातून काढलेला पदार्थ) बनतं, त्यामुळे कडक शाकाहारी असतील तर तेही नको. दशम्या किंवा थेपले पिशवीत असू द्या, बंदरावरच्या बाकावर बसून निवांत खाता येतात.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात जाणार असाल तर आधी कळवा. 6 तारखेच्या आसपास गावची जत्रा असते, तेव्हा बसचं आणि टेबलाचं गणित वेगळं मांडावं लागेल.