घरी बनवलेल्या इलेक्ट्रिक स्केटबोर्डची बॅटरी ३९.८ व्होल्टच्या पुढे चार्ज का होत नाही?

आपण दिलेल्या माहितीवरून निदान बरेच पुढे नेता येते. एकसर जोडलेले दहा गट, प्रत्येक गटात समांतर तीन १८६५० (दंडगोल लिथियम-आयन) सेल, ४२ व्होल्टचा चार्जर, त्यावर आधी तांबडा आणि थोड्याच वेळात हिरवा होणारा दिवा, त्या वेळी पॅकवर मोजलेले ३९.८ व्होल्ट, आणि पूर्वीच्या निम्म्या अंतरावर थांबणारा बोर्ड. बीएमएस, म्हणजे प्रत्येक गटावर लक्ष ठेवून गरज पडल्यास चार्जिंग थांबवणारे संरक्षक सर्किट, वगळून थेट चार्ज करण्याचा जो सल्ला दुकानदाराने आपल्याला दिला आहे, तो कृपया अजिबात मानू नका. माझ्या मते आपले बीएमएस आपले काम नीट करत आहे.

हिरवा दिवा बॅटरी भरल्याची खूण नाही. चार्जरमधून जाणारा प्रवाह ठरावीक मर्यादेखाली उतरला की तो लागतो, मग बॅटरी भरलेली असो, तार तुटलेली असो किंवा बीएमएसने वाट बंद केलेली असो. दिवा आधी तांबडा होतो, म्हणजे चार्जर आणि चार्जिंगचा जॅक बहुधा ठीक आहेत. आता बेरीज पाहा: नऊ गट ३.९५ व्होल्टवर आणि एकच गट ४.२५ व्होल्टवर असेल, तर एकूण नेमके ३९.८ व्होल्ट होतात. त्या एका गटाला वाचवण्यासाठी बीएमएस संपूर्ण चार्जिंग थांबवते. अशा वेळी ते वगळून ४२ व्होल्ट गाठले, तर तो गट ४.२५ च्याही वर ढकलला जाईल आणि आगीचा धोका ओढवेल.

म्हणून एकूण व्होल्टेजवर न थांबता मल्टिमीटरने दहाही गट वेगवेगळे मोजा. त्याआधी अंगठी आणि घड्याळ काढून ठेवा आणि मीटरची टोके एकाच वेळी सेल जोडणाऱ्या दोन पट्ट्यांवर घसरणार नाहीत याची काळजी घ्या. प्रत्येक गट आधी निकेल पट्टीवर आणि मग बीएमएसच्या बारीक तारांच्या प्लगवर मोजा. दोन्ही आकड्यांत फरक आला, तर दोष सेलमध्ये नसून त्या तारेत किंवा प्लगमध्ये आहे.

ही मोजणी दोनदा करावी लागेल, एकदा चार्जिंग थांबताच आणि एकदा बोर्ड बंद पडताच. एकच गट दोन्ही वेळा इतरांपेक्षा वर असेल, तर पॅकचा केवळ तोल गेला आहे, म्हणजे गटांची चार्जची पातळी सारखी राहिलेली नाही. दोन्ही वेळा खाली असेल, तर तो गट आतल्या आत रिकामा होत आहे. मात्र चार्जिंगनंतर सर्वांत वर असलेला गटच बोर्ड थांबल्यावर सर्वांत खाली सापडला, तर त्याची क्षमता घटली आहे, म्हणजे तीनपैकी एक सेल निकामी झाला आहे किंवा त्याच्या पट्टीचा जोड सुटला आहे. असा गट लवकर भरतो आणि लवकर रिकामाही होतो. आपल्या दोन्ही तक्रारी एकत्र पाहता मला याच शक्यतेचा दाट संशय आहे. नागपुरातल्या सिमेंट रस्त्यांच्या सांध्यांवरून छोट्या, कडक चाकांना बसणारे हादरे थेट पॅकपर्यंत पोहोचतात आणि खाली मऊ फोम नसेल, तर स्पॉट वेल्डिंगचा टाका हळूहळू उखडतो. सुटलेली पट्टी वरून पाहताना जागेवरच दिसते, म्हणून लाकडी काडीने अलगद उचलून पाहा.

जोड सुटला असेल, तर सेलवर थेट सोल्डर करू नका, कारण ती उष्णता सेलला सोसत नाही. लिथियम बॅटऱ्या दुरुस्त करणाऱ्यांकडून स्पॉट वेल्डिंग करून घ्या. पण सुटलेला सेल बाकीच्या दोघांच्या व्होल्टेजवर आणल्याशिवाय जोडू देऊ नका, नाहीतर त्यांच्यात मोठा प्रवाह उसळेल. सेल बदलावा लागला, तर पूर्ण गट एकाच बनावटीच्या, एकाच क्षमतेच्या सेलचा करणे मला योग्य वाटते. २ व्होल्टच्या खाली गेलेला गट पुन्हा चार्ज करू नये.

केवळ तोल गेला असेल, तर उपाय सोपा आहे. बीएमएसचा तोल साधणारा प्रवाह बहुधा काही दहा मिलिअँपिअरच असतो, त्यामुळे एवढा फरक भरून निघायला दिवस लागतील. त्याऐवजी वरच्या गटावर १० ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर लावा. साधारण ०.४ अँपिअरने तो गट काही तासांत इतरांच्या पातळीवर येईल. तोवर पॅकजवळ थांबून अधूनमधून मोजत राहा, रेझिस्टर सेलपासून दूर ठेवा आणि त्याला हात लावू नका.

एक वेगळी शक्यताही तपासा. लिथियम-आयन सेल चार्ज करण्यासाठी साधारणपणे ४५ अंशांची मर्यादा पाळली जाते आणि मे महिन्यात आपल्याकडे बाहेरची हवाच तिथवर पोहोचते. बीएमएसला तापमानाचा सेन्सर असेल, तर उन्हातून आल्याबरोबर लावलेले चार्जिंग तोही रोखू शकतो. बोर्ड सावलीत पूर्ण निवल्यावर, शक्यतो सकाळी लवकर, चार्जर लावून पाहा. तेव्हाही पॅक ३९.८ वरच अडकला, तर दहाही गटांचे दोन्ही वेळचे आकडे येथे लिहा, म्हणजे नेमका कोणता गट उघडायचा ते सांगता येईल.