वाचक विचारतात: राजवाड्यातलं संध्याकाळचं निमंत्रण

प्रश्न: वडोदऱ्याच्या लक्ष्मी विलास पॅलेसच्या हिरवळीवर जानेवारीत, संध्याकाळी सातला एका लग्नाचं रिसेप्शन आहे. मी पैठणी नेसणार, यांना फेटा बांधायचाय. काय सांभाळावं? राजवाडा आतून बघायला मिळेल का?
– एक वाचक, कासारवडवली, ठाणे

उत्तर: शेवटचं आधी. रिसेप्शनची पत्रिका म्हणजे राजवाड्याचा पास नव्हे. गायकवाड कुटुंब आजही तिथे राहतं, त्यामुळे संध्याकाळी पाहुण्यांचा वावर हिरवळीपुरताच धरून चाला. १८९० साली पूर्ण झालेली ही वास्तू आतून बघायची तर दिवसा तिकीट काढा. दरबार हॉलची मोझाइक फरशी आणि रंगीत काचा चुकवू नका. राजा रविवर्म्याची चित्रं आवारातल्याच महाराजा फतेसिंह म्युझियममध्ये आहेत, त्याचं तिकीट वेगळं. सोमवारी बंद असतं.

तुमच्या भागातून मुंबई सेंट्रल गाठण्यात अर्थ नाही, बोरिवलीहून बसा. गायमुखचा घाट अडला की तासाभराची वाट लागते, तेव्हा गाडीच्या दोन तास आधी घर सोडा.

आता पायातलं, कारण सगळी गडबड तिथेच होते. पेन्सिल हील मातीत रुततेच. कोल्हापुरी दिसते छान, पण जानेवारीत रात्री दव पडतं. चामडं पाणी पितं, तळ फुगतो आणि अंगठा सैल होऊन चप्पल पायातून निसटायला लागते. रबरी तळाची मोजडी किंवा रुंद टाचेची सँडल बरी. साडी नेसताना तीच पायात हवी. काठ जमिनीपासून बोटभर वर राहू द्या, नाहीतर ओल्या गवतावर घासून आधी काठाची जर जाते.

अत्तर, स्प्रे सगळं नेसण्याआधी लावून वाळू द्या, त्याने जर काळी पडते. पदराला पिन लावताना ती जरीत न खुपसता रेशमी भागात, ब्लाउजच्या आतून घाला. जरीची एक तार ओढली गेली की शेजारची वीणही आकसते. नखं आणि बांगड्यांचे टोकदार खडे हेही शत्रूच. बरोबर साधी, बिनखड्यांची शाल ठेवा, रात्री लागते.

फेटा तयार घेणार असाल तर माप भुवयांच्या वरून, कानांच्या वरून घ्या. ढिला फेटा जेवताना कपाळावर उतरतो, घट्ट असला तर तासाभरात डोकं ठणकतं. आमचं मत विचाराल तर कापड घेऊन जा आणि तिथेच बांधून घ्या. साधारण आठ मीटर कापड बॅगेत सहज मावतं, तयार फेटा मात्र गाडीत चेपतो.

राजघराण्यातलं कुणी समोर आलं तर हात जोडून नमस्कार पुरे. मुजऱ्याची हौस नको, तो नीट जमला नाही की हसू होतं.

प्रश्न: आम्ही नेरुळहून गाडीने अशाच समारंभाला जाणार आहोत. मित्रमंडळींसाठी एखादी बाटली बरोबर नेली तर चालेल का?
– एक वाचक, नेरुळ

उत्तर: नाही. गुजरातेत दारूबंदी आहे, तलासरीच्या पुढे हद्द लागली की तो गुन्हा ठरतो. खासगी समारंभ, राजवाड्याचं आवार, काहीही सबब चालत नाही. परराज्यातल्या पाहुण्यांना रीतसर परवाना मिळू शकतो, पण त्याने घरची बाटली हद्दीपार न्यायची मुभा मिळत नाही. निघण्याआधी डिकी एकदा उघडून बघा, मागच्या सहलीतली अर्धी बाटली तिथेच पडलेली असते.