पार्किंग नको, शेअरची गाडी पुरेल का?

प्रश्न: आम्ही मोशीत राहतो. मी चाकणला कारखान्यात नोकरी करतो, पत्नी शिवाजीनगरला. दोघांचे मिळून महिन्याला १ लाख ५२ हजार हातात येतात. सोबत ७४ वर्षांचे वडील आणि सहावीतली मुलगी. पिंपरीत संत तुकाराम नगर मेट्रो स्टेशनपासून सात-आठ मिनिटांवर एक उंच प्रकल्प उभा राहतोय. खाली दुकानं, दवाखाने, को-वर्किंग आणि वर फ्लॅट. टू बीएचके ९२ लाख, कव्हर्ड पार्किंगचे ६ लाख वेगळे, ताबा २२ महिन्यांनी. बिल्डर म्हणतो, सोसायटीत शेअरिंगच्या चार गाड्या असतील, अ‍ॅपवर बुक करा, स्वतःची गाडी हवीच कशाला? मोशीचा फ्लॅट ६२ लाखांना जाईल, त्यावर १४ लाख कर्ज बाकी आहे. म्हणजे ४८ हातात, ४४ लाखांचं नवं कर्ज, हप्ता ३८ हजार. आज घराचा आणि एसयूव्हीचा मिळून ३६,५०० जातोच. पार्किंग घेऊ नये, २०२२ची एसयूव्ही आणि २०१७ची छोटी गाडी दोन्ही विकाव्यात, असं पत्नीचं मत. मला वाटतं, एसयूव्ही ठेवून अ‍ॅपवर भाड्याने लावावी, तिचा हप्ता त्यातून सुटेल. माझी बहीण व्हँकुव्हरला लागून बर्नाबीत राहते, दहा वर्षं गाडीशिवाय मजेत आहे. काय करावं?

उत्तर: तुमच्या पत्रात तीन निर्णय एकाच गाठोड्यात बांधलेले आहेत: मेट्रोजवळ राहायला जाणं, हाच प्रकल्प घेणं आणि गाड्यांचं काय करायचं. बिल्डरला ते गाठोडं तसंच विकायचंय, कारण एकत्र बांधलं की कुठल्या वस्तूची किती किंमत मोजतोय ते दिसत नाही. आपण ते सोडू.

मेट्रोजवळ जायला माझा पूर्ण पाठिंबा आहे. वहिनी आज छोट्या गाडीने रोज जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर करतात, म्हणजे महिन्याला पाच-साडेपाच हजारांचं नुसतं पेट्रोल. मेट्रोचं भाडं त्याच्या पाव भागात बसेल. पैशापेक्षा नाशिक फाट्याच्या सिग्नलला जाणारा वेळ वाचेल तो वेगळाच. तुमची कंपनीची बस आहे, तुमचा प्रश्न नाही; फक्त नव्या पत्त्यावरून ती कुठे थांबते ते आधी विचारून घ्या. वडिलांच्या दृष्टीनेही संत तुकाराम नगर सोयीचं आहे, वायसीएम आणि डी. वाय. पाटील ही दोन्ही मोठी रुग्णालयं तिथेच आहेत.

आता तुमचा ४४ लाखांचा हिशोब. तो चुकलाय, आणि थोडाथोडका नाही.

बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर ५ टक्के जीएसटी, म्हणजे ४ लाख ६० हजार. पिंपरी-चिंचवडमध्ये मेट्रो अधिभार धरून मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ६ लाख ४४ हजार. नोंदणीचे ३० हजार. ९२चे झाले १०३ लाख ३४ हजार, तेही पार्किंगशिवाय. यातलं मुद्रांक शुल्क आणि नोंदणी बँक घराच्या किमतीत धरत नाही, ते पावणेसात लाख रोख उभे करावे लागतात. आता ते २२ महिने. मोशीचं घर आज विकलंत तर तोवर भाड्याने राहणार. १८ हजार भाडं धरलं तरी चार लाख गेले. विकलं नाहीत तर स्लॅब पडत जाईल तशी बिल्डरची मागणीपत्रं येणार आणि जुना हप्ता नव्या कर्जाच्या व्याजासोबत चालणार. कुठलाही मार्ग घ्या, चार लाखांचा फटका आहेच. मोशीच्या विक्रीतून एजंटचा एक टक्का वजा करा. आता बेरीज केलीत तर कर्ज ४४ नव्हे, जवळपास ६० लाख होतं. साडेआठ टक्के आणि २० वर्षं धरली तर हप्ता ५२ हजार. पार्किंग घेतलंत तर ६ लाखांवरही तोच जीएसटी आणि तेच मुद्रांक शुल्क, म्हणजे ६ लाख ७२ हजार, हप्त्यात आणखी ५,८०० रुपये. तुमच्या छोट्या गाडीची आजची किंमत अडीच लाख. गाडीपेक्षा तिची जागा अडीचपट महाग! पण म्हणून जागा नको, असं मी म्हणणार नाही. त्याकडे येतो.

आधी बहिणीची गोष्ट, कारण पत्रातला सगळा उत्साह तिथून आलेला दिसतो. तिकडे ते जमतं, यात शंका नाही. व्हँकुव्हरात १९८० च्या दशकापासून स्कायट्रेन आहे आणि स्टेशनांभोवती बर्नाबीसारख्या उपनगरांत उंच इमारती, खाली दुकानं असा विकास झालाय. मोडो ही सभासदांच्या मालकीची गाडी-सहकारी संस्था तिथे १९९७ पासून आहे. गाड्या एका सोसायटीत नसतात, शहरभर पसरलेल्या असतात. आता त्याच गोष्टीची दुसरी बाजू. त्याच शहरात कार-टू-गो नावाची दुसरी, मोठ्या जर्मन वाहन कंपन्यांचा पैसा असलेली सेवा होती. तिने २९ फेब्रुवारी २०२० ला अख्ख्या उत्तर अमेरिकेतून गाशा गुंडाळला. तिथल्या लोकांचं फार अडलं नाही, कारण मोडो आणि इव्हो या शेअरिंगच्या दुसऱ्या सेवा होत्या. तुमच्या सोसायटीत एकाच कंपनीच्या चार गाड्या असणार. ती कंपनी गेली की शून्य.

शिवाय त्या गाड्यांचा करार कोणाशी आहे? बिल्डरशी. इमारत सोसायटीच्या हाती आली की त्या गाड्यांची जागा, चार्जिंग आणि कमी बुकिंग झालं तर भरून द्यायची रक्कम हे सगळं सोसायटीच्या सभेपुढे येणार. खाली दुकानवाले, वर दोनशे-तीनशे घरं. ‘मी वापरत नाही, मी का देऊ’ हे वाक्य कुठल्या सभेत ऐकलं नाहीत? रेरा या गृहप्रकल्पांच्या कायद्याच्या कलम १२ नुसार जाहिरातीतल्या खोट्या विधानाला बिल्डर जबाबदार असतो. पण माहितीपत्रकात ‘शेअर्ड मोबिलिटी’ एवढंच छापलं असेल तर त्यात खोटं काय आणि खरं काय हे ठरवणार कोण? किती गाड्या, किती वर्षं, खर्च कोणाचा, हे करारनाम्यात लिहून द्या म्हणा. दिलं तर मला कळवा, मलाही नवल वाटेल.

म्हणून माझं गणित असं: शेअरच्या गाडीला फ्लॅटच्या किमतीत शून्य रुपये धरा. मिळाली तर वापरा. पण वीस वर्षांचं कर्ज आणि पार्किंगचा कायमचा हक्क या गोष्टी एखाद्या अ‍ॅपच्या भरवशावर ठरवू नका. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं म्हणतात ते हेच. गाडी आज विकून उद्या घेता येते. पार्किंग नंतर मिळत नाही. आणि उद्या फ्लॅट विकायला काढलात तर पिंपरीत ९२ लाखांच्या टू बीएचकेला गाडी लावायला जागा नाही म्हटल्यावर निम्मे ग्राहक जिन्यातूनच परततील.

पार्किंग घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी या खटल्यात २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की स्टिल्टखालची, म्हणजे खांबांवर उभ्या इमारतीच्या खालची, किंवा उघडी जागा बिल्डर वेगळी विकू शकत नाही. रेरामध्ये ‘गॅरेज’ म्हणजे वर छप्पर आणि तीन बाजूंना भिंती. उघडी जागा विकता येत नाही, हे महारेराने, म्हणजे रेराखालच्या राज्याच्या प्राधिकरणाने, २०२१ मध्ये पुन्हा बजावलं. २०२४ मध्ये पार्किंगची लांबी, रुंदी, उंची करारासोबतच्या परिशिष्टात द्यायला सांगितलं, कारण खांबाच्या आड गाडीचं दार उघडत नाही अशा तक्रारी ढिगाने होत्या. ६ लाख नेमके कशाचे, ते कागदावर येऊ द्या. रोख मागितले तर उठून या.

आता गाड्या. इथे वहिनी अर्ध्या बरोबर आहेत आणि तुम्ही, माफ करा, पूर्ण चुकलात.

एसयूव्हीची आजची किंमत ८ लाख, कर्ज ३ लाख. वर्षाला लाखभराची घट, २८ हजार विमा, सर्व्हिसिंग-टायर धरून २५ हजार, आणि तिच्यात अडकलेल्या ८ लाखांवर साडेआठ टक्क्यांनी ६८ हजार. सव्वादोन लाखांच्या आसपास, पेट्रोलचा थेंबही न घालता. वापर किती? साताऱ्याजवळ कोरेगावला गावी वर्षाला चौदा फेऱ्या, म्हणजे २८ दिवस. दिवसाला पावणेआठ-आठ हजार पडले. तुम्हीच पाहिलेल्या ३ हजार रुपये रोजाने तेवढीच गाडी भाड्याने आणलीत तर ८४ हजार. भाड्याची गाडी खरी उपयोगी पडते ती इथे, रोजच्या जगण्यात नाही. आणि मेट्रो २९ सप्टेंबर २०२४ पासून स्वारगेटपर्यंत जाते. साताऱ्याची एसटी तिथूनच सुटते. दर वेळी गाडी काढलीच पाहिजे असं नाही.

छोटी गाडी मात्र ठेवा. तिची घट आता वर्षाला वीस हजार, विमा ९ हजार, देखभाल १२ हजार. नोंदणी २०३२ पर्यंत चालेल. रात्री दोनला वडिलांना दवाखान्यात न्यायचं झालं तर अ‍ॅपवरची चौथी गाडी कोणी परत आणलीय की नाही, हे बघत बसायची वेळ येऊ नये. तेवढ्या निश्चिंतीसाठी वर्षाला चाळीसेक हजार जास्त नाहीत.

एसयूव्ही अ‍ॅपवर लावायचा विचार सोडा. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने द्यायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ नुसार परवाना लागतो. स्वतः चालवायला भाड्याने मिळणाऱ्या अधिकृत गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात, ती उगीच नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तुमची विमा पॉलिसी काढून ‘वापराच्या मर्यादा’ हा रकाना वाचा. भाड्याने किंवा मोबदला घेऊन वापरली तर विमा लागू नाही, असं तिथे सापडेल. अ‍ॅपवाले स्वतःचं संरक्षण देतो म्हणतात. ते विमा कंपनीची पॉलिसी आहे की त्यांचं नुसतं आश्वासन, हे लेखी मागा. माझ्याकडच्या एकाने हप्ता सुटावा म्हणून गाडी अशीच लावली होती. परत आली ती पुढचा अर्धा भाग चेपून, आणि दावा नाकारला गेला. दोन वर्षांची कमाई एका दुरुस्तीत गेली. गाडीवर बँकेचा बोजा आहे, कर्जाच्या अटींतही खासगी वापरच लिहिलेला असतो. तृतीय पक्षाला इजा झाली तर काय, हे मी लिहीत नाही, तुम्ही जाणताच.

राहिला प्रकल्प. खाली दुकानं, वर घरं ही कल्पना मला आवडते. दूध-औषधांसाठी किल्ली उचलावी लागत नाही, आणि मुलगी क्लासला चालत जाईल. पण मेट्रो स्टेशनपासून ५०० मीटरच्या पट्ट्यात चारपर्यंत एफएसआय, म्हणजे जमिनीच्या चारपट बांधकाम, मिळतो. आज तुमच्या बाल्कनीसमोर जी बैठी चाळ किंवा जुनी शेड दिसते, तिच्याजागी असाच टॉवर येऊ शकतो, आणि त्याच्यामागे आणखी एक. स्टेशनजवळ म्हणून भाव दुपटीने वाढेल असं सेल्समन सांगतो तेव्हा पुरवठाही तिथेच वाढणार आहे हे तो सांगत नाही. राहायला घ्या, नफ्याला नको. मेंटेनन्सही आजच्या २,२०० चा ५,५०० होईल, लिफ्ट आणि अग्निशमन यंत्रणा फुकट चालत नाहीत. दुकानांनी त्यातला किती वाटा द्यायचा, ते विचारा. तळमजल्यावर उपाहारगृह आलं तर धुराडं कोणाच्या खिडकीशी येतंय, तेही.

मी तुमच्या जागी असतो तर हे बुकिंग केलं नसतं. संत तुकाराम नगर, नाशिक फाटा, कासारवाडी या पट्ट्यात स्टेशनपासून दहा-बारा मिनिटांवरचा, भोगवटा पत्र मिळालेला, पार्किंगसह फ्लॅट शोधला असता. जीएसटी नाही, २२ महिन्यांचं भाडं नाही, आणि गाडी खांबाला घासते का ते लावून बघता येतं. असा फ्लॅट ८५ लाखांत बसवता आला तर शुल्क आणि दलाली धरून ९२ लाख. मोशीचे ४७ आणि एसयूव्हीचे ५ लाख वजा करा. कर्ज ४० लाख, हप्ता साडेचौतीस हजार. आजच्या तुमच्या दोन हप्त्यांपेक्षा कमी. ९ लाखांच्या ठेवींना हात लावू नका; रंगरंगोटी आणि सामानाला म्युच्युअल फंडातले तीन-चार लाख काढा. एकट्या वहिनींच्या नावावर घेतलंत तर मुद्रांक शुल्क एक टक्का कमी, ८५ हजार वाचतात. पण मोशीचं घर तुमच्या नावावर असेल तर भांडवली नफ्यावरच्या सवलतीत त्याने गुंता होऊ शकतो, म्हणून आधी सीएला भेटा.

फ्लॅट शोधायला पाचेक महिने जातील, एसयूव्ही मात्र तोवर थांबवू नका. बँकेत ३ लाख भरून ना-हरकत पत्र आणि कर्ज फिटल्याचा फॉर्म ३५ घ्या, आरसीवरचा बोजा उतरवा, आणि मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्याशिवाय ग्राहकाला किल्ली देऊ नका.