लढाईच्या काळात हवाई दलाचे एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रण) कंट्रोलर एकत्र काम कसं करतात?

तुमचा प्रश्न असा, की चार-पाच कंट्रोलर एकाच आकाशातल्या विमानांशी बोलत असताना गोंधळ कसा होत नाही. होतो, आणि बहुतेक वेळा एका ठरावीक जागी होतो.

चिकलठाणा, नांदेड, लातूर हे आपल्याकडचे विमानतळ नागरी. हवाई दलाचा टॉवर म्हटलं की पुण्याचं लोहगाव. तिथं प्रवासी विमानंही हवाई दलाचेच कंट्रोलर उतरवतात. धावपट्टी टॉवरकडं, येणारी विमानं अप्रोच रडारकडं, शेवटचे काही मैल पीएआर, म्हणजे उतरणाऱ्या विमानाची रेघ आणि उंची नेमकी दाखवणाऱ्या रडारवाल्याकडं. आपलं लढाऊ विमान शत्रूच्या अंगावर नेणारा फायटर कंट्रोलर, तो निराळ्याच खोलीत. विमान एकाकडून दुसऱ्याकडं जातं आणि चूक तिथंच, हात बदलताना होते.

मोंढ्यात पोतं दुसऱ्याच्या पाठीवर देताना त्यानं भार घेतल्याशिवाय पहिला हमाल हात काढत नाही. हँडओव्हर तसाच. विमान कुठं आहे, कॉलसाइन (रेडिओवरचं नाव), उंची, दिशा, इंधन एवढं सांगायचं. समोरच्यानं आपल्या पडद्यावर ठिपका ओळखून ‘दिसलं’ म्हटल्यावरच पायलटला नवी फ्रिक्वेन्सी द्यायची. घाईत ‘दिसलं’ची वाट न बघता विमान सोडलं, तर काही सेकंद ते कुणाचंच नसतं.

२७ फेब्रुवारी २०१९ ला काश्मीरमध्ये बडगामजवळ आपलं एमआय-१७ हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्रानं पडलं. हवाई दलाचे सहा जण आणि जमिनीवरचा एक नागरिक गेला. ती आपलीच चूक होती, हे त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हवाई दल प्रमुखांनी जाहीर मान्य केलं. म्हणून युद्धात टॉवरनं नुसतं ‘परत या’ म्हणून भागत नाही. विमान कोणत्या वाटेनं, किती उंचीवरून येणार आणि त्याचं आयएफएफ, म्हणजे ‘मी आपलाच’ असं रडारला कळवणारं यंत्र, उत्तर देतंय का, हे क्षेपणास्त्रवाल्यांनाही त्याच क्षणी कळावं लागतं.

परतणाऱ्यांची रांग इंधनावर लावतात. इंधन किलोत नाही, मिनिटांत विचारायचं. वजाबाकी करायला कुणाला वेळ नसतो. मार खाल्लेलं विमान आधी उतरवावंसं वाटतं, पण ते धावपट्टीवरच बसलं तर मागचे तिघं अडकतात. त्याच्याकडं इंधन असेल आणि मागच्यांकडं नसेल, तर ते शेवटी.

ढग खाली असले की पीएआर. तीन अंशांच्या उतारावर विमान सागरी मैलाला सुमारे ३०० फूट खाली येतं. शेवटचे तीन सागरी मैल म्हणजे साडेपाच किलोमीटर, १४० नॉटच्या (तासाला १४० सागरी मैल) वेगानं जेमतेम ७७ सेकंद. ‘किंचित डावीकडं, उतारावर’ असं कंट्रोलर सलग बोलत राहतो, पायलट उत्तर देत नाही. पाच सेकंद आवाज आला नाही तर पायलटनं पुन्हा वर जायचं. म्हणून या माणसाला मधेच फोन देऊ नये, प्रश्नही विचारू नये. शेजारचा सहकारी ते सगळं अंगावर घेतो. हवेचा दाब सांगतानाही रीडबॅक, म्हणजे पायलटनं उलट म्हणून दाखवलेला आकडा, कान देऊन ऐकायचा. उंचीमापकात १००८ ऐवजी १०१८ हेक्टोपास्कल लावला गेला तर विमान दाखवतंय त्याहून सुमारे २८० फूट खाली असतं.

पाळी बदलताना नवा माणूस दहा-एक मिनिटं हेडफोन लावून बाजूला बसतो, मग स्ट्रिपा, म्हणजे एकेका विमानाची माहिती लिहिलेल्या पट्ट्या, एकेक वाचून ताबा घेतो. धावपट्टीवर गाडी असेल तर बोर्डावर लाल पट्टी आडवी ठेवायची. थकलेल्या डोक्यावर भरवसा ठेवायचा नाही.

रेडिओ गेला तर टॉवरवरून दिवा. स्थिर हिरवा म्हणजे उतरा, स्थिर लाल म्हणजे वाट द्या आणि घिरट्या घाला, लुकलुकता लाल म्हणजे इथं उतरू नका. आपल्याकडच्या उन्हात तो लांबून नीट दिसत नाही, म्हणून एकानं दिवा धरायचा आणि पायलटनं पंख हलवून होकार दिला का, हे दुसऱ्यानं दुर्बिणीतून बघायचं.