ड्राइव्ह लावल्यावर बॅकअप अर्ध्यात का मरतो?

भावा, नियम तुझा बरोबर आहे, काम चुकीच्या गड्याला दिलंयस. तू म्हणतोस, लिनक्सवर बाहेरची ड्राइव्ह लावली की यूडेव्हच्या नियमातल्या 'रन'मधनं आरसिंकची (फायली कॉपी करणाऱ्या प्रोग्रामची) बॅकअप स्क्रिप्ट सुरू होते आणि मिनिटा-दोन मिनिटांत गप्प. होणारच. यूडेव्ह म्हणजे गेटवरचा वॉचमन, कोण आलं एवढं सांगणार. 'रन'मधनं निघालेली प्रोसेस इव्हेंट संपला की मारली जाते, शेवटी ॲम्परसँड लावलास तरी. वर यूडेव्ह वेगळ्या माउंट नेमस्पेसमध्ये (माउंटची स्वतःची वेगळी यादी) चालतो, त्यामुळं तिथनं माउंट केलेली, म्हणजे फोल्डरला जोडलेली, ड्राइव्ह बाहेर दिसत नाही. यात माझा आख्खा रविवार गेलाय.

नियमात फक्त 'सिस्टमडी' (लिनक्सवर सर्व्हिस चालवणारा) हा टॅग जोड आणि 'सिस्टमडी वॉन्ट्स'मध्ये (या दोन शब्दांच्या मध्ये अंडरस्कोर) सर्व्हिसचं नाव दे. माउंट, आरसिंक, अनमाउंट सगळं त्या वनशॉट (एकदा काम करून संपणाऱ्या) सर्व्हिसमध्ये.

कोल्हापुरात उद्यमनगरातल्या वर्कशॉपची ड्रॉइंग दोन ड्राइव्हवर आलटून पालटून, एक कायम घरी, हे बेस्ट. 2019 चा पूर बघितलेल्याला कारण सांगायला नको. पण लिनक्स ड्राइव्हना देतो त्या एसडीबी, एसडीसी या नावांवर जाऊ नको, आधी पेनड्राइव्ह लावला की ती बदलतात. दोन्ही ड्राइव्हना एकच लेबल (आपण ठेवलेलं नाव) दे आणि नियमात तेच जुळव, फाइलसिस्टम ईएक्सटी4 असेल तर 16 बाइटच्या आत. माझं 'तांबडा-पांढरा' आहे, अर्थात रोमन अक्षरांत. दोन्ही एकदम लावू नको म्हणजे झालं. लेबलची माहिती 60 नंबरच्या पर्सिस्टंट-स्टोरेज नियमात भरली जाते, म्हणून तुझा नियम त्याच्यानंतर चालावा यासाठी त्याच्या फाइलचं नाव 99 ने सुरू कर.

आता माझी फजिती. लेबल जुळवताना == ऐवजी एकच = टाकला. एक बरोबर म्हणजे जुळवणं नव्हे, किंमत देणं. लक्ष्मीपुरीतल्या दुकानात गिऱ्हाइकानं पत्रिका छापायला पेनड्राइव्ह दिला, लावताच बॅकअप सुरू! खरी ड्राइव्ह नव्हतीच, माउंट फेल, तरी स्क्रिप्ट पुढं पळाली आणि सगळा डेटा मुख्य डिस्कवरच्याच रिकाम्या फोल्डरात. डिस्क गच्च. तेव्हापासनं आरसिंकच्या आधी 'माउंटपॉइंट' कमांडनं ड्राइव्ह खरंच माउंट आहे का तपासतो, नसेल तर तिथंच एक्झिट.

फाइल मॅनेजर ड्राइव्ह आपोआप माउंट करून मधे मधे करत असेल तर त्याच नियमात 'यूडिस्क्स इग्नोर'ला 1 दे. मग 'यूडेव्हॲडम कंट्रोल'ला रीलोड सांग, ड्राइव्ह काढून परत लाव. तरी गप्पच राहिला तर 'जर्नलसीटीएल'मधला त्या सर्व्हिसचा लॉग इथं टाक, बघू.